लखोटा आणि लपवाछपवी

दुसऱ्याचे पत्र वाचू नये, हा नियम आपल्या घरांतून मुलांस अक्षरओळख होते न होते तोच शिकविण्यात येतो. पाकीट ज्याच्या नावाचे असेल त्याच्याच हाती द्यावे, कोणी लिहीत बसले असता मागून डोकावू नये, उघडे पडलेले पत्र दिसले तर घडी घालून बाजूस ठेवावे, एवढे वळण ज्यास नाही त्यास आपण सुसंस्कृत म्हणत नाही. परंतु ज्या घरांनी हे वळण पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्याच घरांतील सुशिक्षित मंडळी आज आईच्या रक्ततपासणीचा अहवाल, मुलीची जन्मपत्रिका, आधारकार्डाचे छायाचित्र, भावाभावांतील वाटणीची बोलणी, सारे काही अशा एका कंपनीच्या हाती निःशंकपणे सोपवितात, की जिचा मुख्य धंदा माणसे ओळखणे आणि ती ओळख जाहिरातदारांच्या उपयोगी पाडणे हा आहे. घरातील एखाद्याने, ‘निरोपांसाठी याहून बरा हरकारा मिळतो, आपण सर्व तिकडे जाऊ या,’ असे सुचविले की त्यास ठरलेले उत्तर मिळते : ‘आमच्याजवळ लपविण्यासारखे आहे तरी काय?’ हे उत्तर दिसण्यात निरुपद्रवी आहे. वस्तुतः ते चुकीचे तर आहेच. शिवाय ते देण्याचा पुरता अधिकारही उत्तर देणारास नाही, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम प्रतिपक्षाच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. व्हॉट्सॲप २०१४ साली फेसबुकने विकत घेतले. त्याच कंपनीस आता मेटा म्हणतात. तथापि एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील खासगी निरोपांस दोन्ही टोकांचे कुलूप आहे. पाठविणाराच्या फोनमध्ये निरोप बंद होतो तो घेणाराच्या फोनमध्येच उघडतो. वाटेत तो कोणास, खुद्द कंपनीसही, वाचता येत नाही. ह्या कुलुपास एन्क्रिप्शन म्हणतात. आणि मौजेची गोष्ट ही, की व्हॉट्सॲपने बसविलेले कुलूप आम्ही ज्याची शिफारस करणार आहो त्या सिग्नलच्या कर्त्यांनीच घडविलेले आहे. तेव्हा ‘व्हॉट्सॲपवाले तुमची पत्रे वाचतात’ अशी आवई उठवून नातेवाइकांस घाबरविणारे उत्साही लोक आपल्याच पक्षाचे नुकसान करितात. खोट्या पुराव्याने खरा दावाही बुडतो.

मग तक्रार कशाची? पाकिटाच्या आतल्या मजकुराविषयी ती नाही. पाकिटाच्या बाहेरच्या अंगाविषयी आहे. कोणी कोणास, केव्हा, किती वेळा लिहिले, कोणत्या गटात कोण कोण आहेत, फोन कोणता, तो कोठून बोलतो, ह्या साऱ्या नोंदींस मेटाडेटा म्हणतात, आणि त्यांस ते कुलूप लागू नाही. कोणी म्हणेल, पाकिटावरचा पत्ता टपालवाल्यास दिसावयाचाच. खरे, पण पत्ता वाचून पत्र पोहोचविणारा पोस्टमन वेगळा, आणि गावातील प्रत्येक पाकिटाची खतावणी घालून ठेवणारा वेगळा. समजा, एका गृहस्थाने एका आठवड्यात तीनदा कर्करोगतज्ज्ञाशी, मग विमा प्रतिनिधीशी, मग वकिलाशी आणि अखेर मध्यरात्री परदेशातील मुलीशी संभाषण केले. त्यातील एक अक्षरही न वाचता त्या घरावर काय प्रसंग ओढवला आहे, हे कोणत्याही सामान्य बुद्धीच्या माणसास सांगता येईल. मग ज्यांची यंत्रे अशाच अनुमानांसाठी उभारली आहेत त्यांची गोष्टच नको. ह्याखेरीज निरोपांची जी प्रत बॅकअप म्हणून अन्यत्र साठविली जाते, तिला व्हॉट्सॲपने २०२१ च्या अखेरीस दोन्ही टोकांचे कुलूप देऊ केले खरे, पण ते ज्याचे त्याने लावून घ्यावयाचे. ते लावणे आपल्या घरात कितीजणांस ठाऊक आहे, हे प्रत्येकाने विचारून पाहावे.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. २०१६ साली अमेरिकेत व्हर्जिनिया येथील एका ग्रँड ज्युरीने सिग्नलकडे काही ग्राहकांची माहिती हुकमाने मागविली. सिग्नलला देता आल्या त्या दोनच गोष्टी : खाते केव्हा उघडले, आणि त्या खात्याचा शेवटचा संबंध केव्हा आला. मित्र कोण, गट कोणते, बोलणी कोणाशी, ह्यांपैकी काहीही हाती लागले नाही. कारण ते साठवूनच ठेवलेले नव्हते. ‘आम्ही तुमची माहिती कोणास देणार नाही’ ह्या वचनाची किंमत वचन देणाराच्या चारित्र्यावर, त्याच्या भागधारकांवर आणि त्याच्या उद्याच्या मालकावर अवलंबून असते. रिकाम्या तिजोरीस असल्या वचनाची गरज पडत नाही. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक, ब्रायन ॲक्टन, हे २०१७ साली फेसबुकमधून बाहेर पडले आणि २०१८ साली त्यांनी सिग्नलच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या विनानफ्याच्या प्रतिष्ठानास पाच कोटी डॉलर दिले. ज्याने एक घर बांधले त्यानेच दुसऱ्याचा पाया भरावा, ह्याचा अर्थ वाचकांनीच लावावा.

आता त्या ठरलेल्या उत्तराकडे वळू. ‘लपविण्यासारखे काही नाही’ असे म्हणणारे झाकणे आणि लपविणे ह्यांत गल्लत करितात. हिंदुस्थानात १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि घरोघर त्याचा सुकाळ झाला. पण म्हणून पाकिटे बंद पडली नाहीत. खुशालीचे चार शब्द कार्डावर जात, आणि सुनेच्या बाळंतपणाची काळजी, कर्जाची विनवणी, दुखावलेल्या मित्राची समजूत ही पाकिटात जात. त्या पाकिटांत कोणता गुन्हा दडलेला असे? दाराला कडी लावून स्नान करणारा मनुष्य चोर नसतो, आणि डॉक्टरच्या खोलीत पडद्यामागे जाणारी स्त्री कारस्थान करीत नसते. उलट, लखोट्याची खात्री नाहीशी झाली की माणसे कशी लिहू लागतात, हे मराठ्यांच्या इतिहासाने एकदाच पण कायमचे दाखविले आहे. पानिपतच्या संहाराची वार्ता १७६१ साली दक्षिणेकडे आली ती एका सावकारी पत्रातून, मोती, मोहोरा आणि खुर्दा अशा सांकेतिक भाषेत; आणि ते पत्रही दुसऱ्यांसाठी लिहिलेले असता वाटेत पेशव्यांच्या हाती पडून फोडले गेले, असे परंपरा सांगते. युद्धकाळात हे शोभले असेल. नित्याच्या संसारात मुलाने बापास लिहितानाही शब्द चाचपून लिहावे, अशी पाळी येणे शोभणारे नाही.

परंतु ह्या उत्तरातील मोठा दोष याहून निराळा आहे, आणि तोच ह्या लेखाचा गाभा होय. ‘आमच्याजवळ’ हा शब्दच चुकीचा आहे. पत्रास दोन टोके असतात. माझ्या फोनमधील निरोप निम्मे दुसऱ्यांनी लिहिलेले आहेत. माझ्या फोनच्या वहीतील नावे तर झाडून सारी दुसऱ्यांची आहेत. ज्या दिवशी मी ती वही एखाद्या कंपनीस दाखविण्याची परवानगी देतो, त्या दिवशी मी शेजाऱ्याचा, शाळेतील शिक्षिकेचा आणि जिने कधी असले ॲप घेतलेच नाही त्या मावशीचाही क्रमांक, त्यांस न विचारता, पुढे केलेला असतो. ही आमची कल्पना नव्हे. आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये व्हॉट्सॲपला साडेबावीस कोटी युरोंचा दंड केला. माहितीचा उपयोग कसा होतो हे लोकांस नीट न सांगण्याबद्दल तो दंड होता. आणि त्या लोकांत जे ह्या ॲपचे ग्राहकच नव्हते अशांचाही समावेश होता.

आपल्याकडील जुन्या मिताक्षर कायद्यात अविभक्त कुटुंबाची मिळकत म्हणून जी कल्पना आहे, ती येथे तंतोतंत लागू पडते. त्या मिळकतीत प्रत्येक सहदायादाचा हिस्सा आहे. पण म्हणून एकाने उठून, कुटुंबाची गरज नसता आणि इतरांस न विचारता, सगळी मिळकत परक्याच्या नावे करून द्यावी, असे त्यास करिता येत नाही. घराचे खासगीपण ही अशीच मिळकत आहे. काकांस स्वतःचे काही झाकावयाचे नसेल. पण त्याच गटात पुतणी आपल्या मोडलेल्या लग्नाविषयी लिहिते आणि भाचा आपल्या आजाराविषयी लिहितो. काकांनी आपल्या बेफिकिरीने कडी काढून ठेवली की दार सर्वांचेच उघडे राहते. म्हणून ‘मला चालते’ हे उत्तर येथे पुरेसे नाही. ‘तुमच्याशी बोलणारांस चालते काय?’ हा प्रश्न आहे, आणि तो आजवर कोणी कोणास विचारलेला नाही.

ह्यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे : ‘सगळे तेथेच आहेत, आम्ही एकटे जाऊन करावयाचे काय?’ पुण्याच्या पेटीत टाकलेले पत्र लंडनमध्ये तेथील टपालवाला पोहोचवितो. एका फोन कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलतो. निरोपांची ॲपे तेवढी अशी आहेत की ज्यांनी आपापल्या भोवती तट बांधून घेतले. हा तट निसर्गाने बांधलेला नाही. युरोपीय संघाने कायदा करून व्हॉट्सॲपला त्यात दिंडी पाडावयास लाविले. आपल्याकडे तसा कायदा अद्याप नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवे धोरण पुढे करून, ते मान्य करा अन्यथा वापर सोडा, अशा भाषेत मुदत दिली, तेव्हा इतके लोक एकदम सिग्नलकडे धावले की १५ जानेवारीस त्याची यंत्रणाच काही काळ कोलमडली. व्हॉट्सॲपने मुदत मे महिन्यापर्यंत पुढे ढकलली, संताप निवाला, आणि आमच्या पाहण्यातील कित्येक मंडळी ज्या पावली गेली त्या पावली परत आली. भारतीय स्पर्धा आयोगाने त्याच धोरणाबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांहून अधिक दंड केला; अपिलीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या आदेशाचा काही भाग रद्द केला, तरी दंड कायम ठेवला. ह्या प्रकरणाचा आमच्या मते धडा एवढाच, की न्यायालये दंड करू शकतात, पण तुमच्या आत्याबाईंस नव्या ठिकाणी नेऊन बसविण्याचे काम न्यायालय करणार नाही. ते घरच्यांनीच केले पाहिजे.

तिसरा पक्ष म्हणतो, ‘जावयाचेच तर देशी ठिकाणी का जाऊ नये?’ स्वदेशीच्या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. पण कुलुपाची परीक्षा कारखान्याच्या गावावरून करावयाची नसते. चेन्नईच्या झोहो कंपनीचे अरट्टाई हे ॲप सप्टेंबर २०२५ मध्ये एकाएकी लोकप्रिय झाले, तेव्हा त्यातील फोनसंभाषणांस दोन्ही टोकांचे कुलूप होते, पण लेखी निरोपांस नव्हते. हे सांगण्यात त्या उद्योगाची निंदा नाही. उत्साहात प्रश्न विचारावयाचा राहून गेला, एवढेच दाखवावयाचे आहे. टेलिग्रामविषयीही असाच एक भ्रम सुशिक्षितांत पसरला आहे. तेथे हे कुलूप केवळ दोघांतील ‘गुप्त संभाषण’ मुद्दाम निवडल्यासच लागते. नेहमीच्या बोलण्यास आणि गटांस ते नाही. तेव्हा कोणत्याही ॲपला तीन प्रश्न विचारावे : कुलूप आपोआप आणि सर्वत्र लागते काय? पाकिटाबाहेरच्या नोंदी किती ठेवल्या जातात? आणि खर्च कोण चालवितो?

‘गुन्हेगारांचेही फावेल’ हा चौथा आक्षेप. तो खरा आहे. बंद पाकिटे आणि बंद दारे ह्यांविषयीही तो तितकाच खरा होता. सरकारास पत्रे अडवून पाहण्याचा अधिकार १८९८ च्या टपाल कायद्याने दिला होता आणि २०२३ च्या नव्या कायद्यानेही दिला आहे. पण म्हणून सर्व जनतेने नेहमी कार्डावरच लिहावे, असा हुकूम कोणी काढला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. एका गुन्हेगाराच्या शोधासाठी कोट्यवधी निरपराध्यांची कुलुपे मोडावी काय, हा वाद त्या निर्णयाच्या प्रकाशातच पाहिला पाहिजे. निरोपाचा मूळ प्रेषक शोधून देण्याच्या २०२१ च्या नियमाविरुद्ध खुद्द व्हॉट्सॲपच दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि कुलूप मोडण्यास सांगाल तर आम्ही येथून जाऊ, असे एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या वकिलांनी तेथे सांगितले. कुलुपाच्या आवश्यकतेविषयी तरी आमच्यात आणि प्रतिपक्षात मतभेद उरलेला नाही!

सिग्नल निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. खाते उघडण्यास तेथेही फोनचा क्रमांक लागतो. २०२४ पासून तो इतरांपासून झाकून टोपणनावाने बोलता येते, एवढीच सुधारणा. त्याची यंत्रणा दुसऱ्या मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनची यंत्रे बंद पडली तेव्हा सिग्नलही अडखळले. ते देणग्यांवर चालते. २०२५ पर्यंत वर्षाचा खर्च पाच कोटी डॉलरच्या घरात जाईल, असा अंदाज त्या संस्थेनेच २०२३ साली प्रसिद्ध केला होता. फुकट वापरणारांनी हे लक्षात ठेवावे : जाहिरातदार पैसे देणार नसेल तर वापरणाराने दिले पाहिजेत. शिवाय कोणतेही कुलूप मालकाच्या गाफीलपणावर उपाय नव्हे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी येमेनवरील हल्ल्याची चर्चा सिग्नलवर केली आणि त्या गटात चुकून ‘दि अटलांटिक’ मासिकाच्या संपादकांसच घेतले! कुलूप अभंग राहिले. दार आतल्यांनीच उघडले. घेणाराने निरोपाचे छायाचित्र काढून चारचौघांत फिरविले तर त्यासही इलाज नाही. तेथे जुने वळणच कामास येते.

शेवटी आमच्याच पक्षाच्या लोकांस चार शब्द सांगणे अवश्य आहे. कारण ही चळवळ घरोघर फसली असेल तर ती बहुतेक ठिकाणी प्रचारकांच्या दोषाने फसली आहे. शंभर माणसांच्या कुलगटात एके सकाळी लांबलचक व्याख्यान टाकावयाचे, ‘आठ दिवसांनी मी येथून जाणार’ अशी तंबी द्यावयाची, आणि कोणी हलले नाही म्हणजे सर्वांस अडाणी ठरवावयाचे, ह्यास मनपरिवर्तन म्हणत नाहीत. ज्या आजोबांनी साठीनंतर मोठ्या कष्टाने एक ॲप शिकले, त्यांचे ते शिक्षण एका झटक्यात निरुपयोगी ठरविणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांच्याजवळ बसावे, नवे ॲप स्वतः उतरवून द्यावे, अक्षरे मोठी करून द्यावी, आणि पहिले आठ दिवस रोज त्यावरूनच व्हिडिओ फोन करावा. प्रारंभ कुलगटापासून न करिता ज्या चौघांचे रोज बोलणे असते त्यांपासून करावा; आईबाप आणि दोन भावंडे एवढी जमली की पुरे. नातवंडांची छायाचित्रे तेथेच टाकावी. आजीबाई आपण होऊन येतील. आजारपण, पैसा, लग्नाची बोलणी एवढ्या गोष्टी तरी तेथेच बोलावयाच्या, असा घराचा नियम करावा. निरोपांची प्रत ठेवण्याची सोय सिग्नलनेही सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू केली. मात्र तिची किल्ली हरवल्यास संस्थेसही ती उघडून देता येत नाही, म्हणून ती कागदावर उतरून कपाटात ठेवावी. गृहसंस्थेची नळाच्या पाण्याची सूचना आणि सकाळच्या शुभेच्छांची फुले जुन्या ठिकाणी राहिली तरी बिघडत नाही. कार्ड आणि पाकीट ही दोन्ही आपल्या वाडवडिलांनी एकाच पेटीत टाकली आहेत. कोणता मजकूर कशात घालावा, एवढा विवेक त्यांस होता.

तो विवेक गमावून आपण फार काही मिळविले आहे असे नाही. थोडीशी सोय मिळविली, इतकेच. ती सोय सोडण्याचे कष्ट पहिल्याने कोणी सोसावे, असे विचाराल तर त्याचे उत्तर सरळ आहे : ज्यास हे कळले त्याने. अविभक्त घरात छप्पर गळताना ज्याच्या प्रथम दृष्टीस पडते, तो वाटणीची वाट पाहत बसत नाही. शिडी आणून तोच वर चढतो, आणि खालच्यांनी शिडी धरावी एवढीच त्याची मागणी असते. आपल्या घरातील कोणी मुलगा वा सून उद्या अशी शिडी घेऊन आली, तर वडीलधाऱ्यांनी ‘आम्हांस काय लपवावयाचे आहे?’ असे न विचारता शिडी धरावी. छपराखाली सर्वच राहतात.